दलालाच्या बोलण्याची तपासणी

दलाल पडला तो फरशीचं कौतुक करता करता. "यावर कुणी घसरून दाखवावं, मी धंदा सोडीन," असं म्हणत त्यानं नव्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये टाच घासून दाखवली, आणि पुढच्या क्षणी पाय वर, डोकं कमोडच्या कडेवर. फ्लॅट बघायला आलेलं जोडपं दारातच उभं होतं. माणसं भली होती. त्यांनी अँब्युलन्स बोलावली, ती येईपर्यंत त्याच्या डोक्याला रुमाल दाबून धरला. फ्लॅट मात्र घेतला नाही.

त्याच्या कार्डावर 'गृह सल्लागार' असं छापलेलं होतं, पण सगळे त्याला दलालच म्हणत आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. एक जुनी गाडी, किल्ल्यांचा मोठा जुडगा आणि जीभ, एवढ्यावर त्याचा धंदा चाले. त्यातली जीभ सगळ्यांत महत्त्वाची. सूर्याचं तोंड न पाहिलेली खोली तो 'उन्हाळ्यात गारेगार' म्हणून खपवायचा, आणि कब्रस्तानासमोरचा फ्लॅट 'शेजारी एकदम शांत' म्हणून. कागदपत्रं बघायला त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ, जो दिवसभरात जेमतेम चार शब्द खर्च करी. उरलेले सगळे दलाल वापरून टाकायचा.

हॉस्पिटलात तो काही दिवस बेशुद्ध होता. मग डोळे उघडले, पण डोकं जागेवर नव्हतं. आपण विकायला काढलेल्या इमारतीत आहोत अशी त्याची समजूत झाली. भेटायला येईल त्याला तो पडल्या पडल्या वॉर्ड दाखवू लागला. "ही पूर्वेची खिडकी. हवा बघा कशी खेळती आहे. शेजारी जरा खोकतात, पण माणसं सभ्य." नर्सनं सलाइन बदलता बदलता विचारलं, "मेंटेनन्स किती पडेल?" त्यानं पार्किंगसकट हिशेब सांगितला. बायको एका डोळ्यानं रडत होती आणि दुसऱ्यानं हसत होती.

हळूहळू धुकं विरलं. वॉर्ड म्हणजे वॉर्ड हे त्याला कळलं, बायकोला त्यानं बरोबर ओळखलं आणि चहा पाणचट आहे अशी तक्रारही केली. घरी सोडायच्या आधी एक तरुण डॉक्टर चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आला. कंगवा, छत्री, कात्री, किल्ली. दलालानं सगळी नावं सांगितली. किल्लीच्या चित्राला तर 'ही कुलपाची नाही, कपाटाची आहे' अशी दुरुस्तीही सुचवली. एका मिनिटात येतील तितकी प्राण्यांची नावं सांगा म्हटल्यावर त्यानं अख्खं प्राणिसंग्रहालय रिकामं केलं. वाक्यं परत म्हणून दाखवली, वाचून दाखवली, लिहून दाखवली. 'भाषा व वाचा सामान्य' असा शेरा पडला. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी बायकोला कॉम्प्युटरवर मेंदूचा फोटो दाखवला आणि "सुरेख" म्हणाले. त्यांचा पेशंटपेक्षा पेशंटच्या फोटोवर जास्त जीव होता.

पंचाईत झाली ती घरी आल्यावर.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही. दलाल बोलतोय, म्हणजे दलाल बरा आहे, असंच सगळ्यांना वाटलं. पण गिऱ्हाइकं यायला लागली तशी परत जायलाही लागली. एकानं नुसतं विचारलं, "लिफ्ट आहे का?" त्यावर दलालानं लिफ्टचा इतिहास सांगितला, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा सांगितला, मग त्या दुरुस्तीवाल्याच्या दुसऱ्या लग्नाचा. गिऱ्हाईक जिना उतरलं, गाडीत बसलं, गाडी सुरू केली; दलाल खिडकीच्या काचेवर कोपर टेकून अजून लग्नातच होता. "विचार करून कळवतो" म्हणजे 'नाही', हे या धंद्यात पोरंटोरंही जाणतात. दलाल दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायचा, "केला का विचार?" दुपारी पुन्हा करायचा. एका बाईंनी नंबर ब्लॉक केला तेव्हा त्यांच्या काळजीपोटी तो त्यांच्या घरी गेला.

मेहुणा एके दिवशी खाली मान घालून म्हणाला, "भावोजी, तुम्ही थोडे दिवस आराम करा."

"बघ, किती काळजी करतो माझी," दलाल बायकोला म्हणाला, आणि ही काळजीची गोष्ट त्यानं पुढे आठवडाभर दिसेल त्याला ऐकवली. नवल म्हणजे त्याच्या आरामाच्या काळातच धंद्यानं जरा उचल खाल्ली. दोन घरं गेली. मेहुणा शेवटी बोलायला शिकला, असा दलालानं अर्थ लावला.

बायकोनं मात्र चौकशी करून एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. एवढं लांबलचक नाव घेण्यापेक्षा दलालानं त्यांचं 'वाचाबाई' करून टाकलं.

"माझ्या बोलण्याला काय धाड भरलीय?" गाडीत तो म्हणाला.

"तेच तपासायचंय," बायको म्हणाली.

वाचाबाईंची खोली दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि मधूनच कुणीतरी कळवळायचं. बाई ठेंगण्या, केस पांढरे आणि पोरासारखे कापलेले, तोंडात सदा खोकल्याची गोळी. त्यांचा घसा पार बसलेला होता. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आतच दलाल म्हणाला, "घसा बसलेली वाचाबाई म्हणजे टक्कल पडलेला न्हावी की हो!"

बायकोनं डोळे मिटले. बाई मात्र घोगऱ्या आवाजात पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं. दलालाला वाटलं, विनोद आवडला म्हणून लिहून ठेवतायत.

चित्रं, वाक्यं, प्राणी हे सगळं पुन्हा एकदा झालं आणि पुन्हा सगळं बरोबर आलं. "झालं?" म्हणत दलाल उठायला लागला.

"हे तर गेटचं तिकीट होतं," बाई म्हणाल्या. "खेळ आता सुरू. मी एक गोष्ट सांगते, ती ऐकून मला परत सांगा." आणि त्यांनी एक छोटीशी गोष्ट सांगितली: एक मास्तर बसमध्ये छत्री विसरतात, डेपोत शोधायला जातात, तिथं दुसऱ्याच कुणाची छत्री त्यांना देतात आणि घरी आल्यावर आपली छत्री खुंटीलाच असल्याचं त्यांना दिसतं.

"गोष्टीत दम नाही," दलाल म्हणाला. "पण सांगतो." त्यानं मास्तर घेतले, मास्तरांची शाळा घेतली, शाळेजवळ मास्तरांना परवडेल असं एक घर घेतलं, त्या घरमालकाचा स्वभाव घेतला, डेपोच्या जागेवर पुढेमागे काय बांधणार आहेत ते घेतलं. खाली ड्रिल दोनदा बंद पडून पुन्हा सुरू झालं.

"आणि छत्रीचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"कसली छत्री?"

मग बाईंनी पडद्यावर एक तुकडा दाखवला. ऑफिस. एका माणसाच्या हातून चहा सांडतो, शेजारच्या बाईचे सगळे कागद भिजतात. ती म्हणते, "वा! अगदी हेच हवं होतं मला."

"तिला काय म्हणायचंय?" बाईंनी विचारलं.

"तिला चहा हवा होता."

"खूश आहे ती?"

"'वा' म्हणाली की."

बाईंनी तुकडा पुन्हा लावला. दलालानं पडद्यावरच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. डोळे, भुवया, ओठ सगळं जागच्या जागी होतं, पण घरावर पाटी असावी आणि पाटीवर नाव नसावं तसं काहीतरी. पूर्वी गिऱ्हाइकाची नुसती पापणी हलली तरी त्याला भाव खाली येणार की वर जाणार हे कळायचं. "विचित्रच आहे ही बाई," तो म्हणाला, पण जरा हळू.

शेवटी बाईंनी त्याच्या हातात फोन दिला. बाजारातल्या विजेच्या दुकानात खरोखर फोन लावायचा आणि मिक्सर दुरुस्त करता का, एवढंच विचारायचं. दलालानं मिक्सर विचारला, मिक्सरवरून दुकान, दुकानावरून दुकानाचं भाडं, आणि त्याच रस्त्यावर याहून स्वस्त गाळा आपल्या पाहण्यात आहे हे सांगत असताना पलीकडून फोन आपटला गेला.

"नेटवर्क गेलं," दलाल म्हणाला.

त्यानंतर दोघांना वेगवेगळे प्रश्न होते. तो दुसऱ्याचं बोलणं तोडतो का, विषय सोडून भरकटतो का, समोरच्याला कंटाळा आला हे त्याच्या लक्षात येतं का, असले. दलालानं सगळीकडे 'कधीच नाही' अशी खूण केली आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसला. बायको आत राहिली. मधली भिंत प्लायवूडची होती. भिंती दलालाला कळतात; त्यानं बोटानं टकटक करून पाहिलं आणि कान लावला.

"यांचं बोलणं पूर्वी कसं होतं?" बाई विचारत होत्या. "पडण्याच्या आधी? नाहीतर सगळं खापर त्या कमोडवर फुटायचं."

बायको हसली. "अहो, पूर्वीही हे असेच. घरात दुसऱ्याला तोंड उघडायची सोय नव्हती. लग्नात भटजींना मधेच थांबवून यांनी, जागा शोधताय का, म्हणून विचारलं होतं."

"मग फरक काय पडला?"

खाली ड्रिल चालू होतं.

"पूर्वी मी कंटाळून उसासा टाकला ना, की यांना ऐकू जायचा," बायको म्हणाली. "मग हे मुद्दाम आणखी बोलायचे, मला चिडवायला. गालात हसायचे. आता उसासा ऐकूच जात नाही. मी समोर आहे का नाही, त्यानं काही फरकच पडत नाही. नवरा तोच, आवाज तोच, आणि घरात मी एकटी."

दलालानं कान काढून घेतला. भिंतीला वाळवी लागलीय, हे बाईंना सांगायला हवं, असं त्यानं ठरवलं.

बाईंनी पुढचं काम घरी दिलं. जेवणाच्या टेबलावर फोन ठेवायचा, बोलणं रेकॉर्ड करायचं आणि हॉलला कुठला रंग लावायचा ते दोघांनी मिळून ठरवायचं. दलालाला हे फार आवडलं. रंगांबद्दल त्याला पुष्कळ सांगण्यासारखं होतं.

आणखी एक गोष्ट बाईंनी स्वतःच जमवून आणली. त्यांची भाची आणि तिचा नवरा खरोखरच घर शोधत होते. दलालानं त्यांना घर दाखवायचं, आणि बाई एका कोपऱ्यात उभ्या राहून ऐकणार. तेही रेकॉर्ड होणार. तिघांनाही तसं आधीच सांगितलं होतं.

"टेबलावर परीक्षा घेऊन मला काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "पोहणाऱ्याला मी खुर्चीवर बसवून हात हलवायला सांगतेय. एकदा पाण्यात बघू."

मेहुण्यानं किल्ली दिली, पण देताना ती जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवली.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, दोन बेडरूम, छोटी बाल्कनी, मागे शाळेचं मैदान. दलाल इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आराम सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तो घर दाखवत होता.

"या, या," तो म्हणाला. सुरुवात अगदी पूर्वीसारखी झाली.

भाची स्वयंपाकघरात शिरली. "ओटा छान मोठा आहे."

"ओटा मोठाच आहे. हा ओटा आधी नव्हता. आधीच्या मालकाची आई इथं राहायची, तिचे गुडघे गेले, मग बसून करता येईना, तेव्हा हा बांधला, आणि बांधला तेव्हा नळाची पाइप फुटली, त्यामुळे खालच्यांच्या छताला डाग पडला, आणि खालचे म्हणजे कोण, तर ते पोलिसातून रिटायर झालेले. ते वर आले—"

"पाणी चोवीस तास असतं का?" नवऱ्यानं विचारलं.

"—वर आले ते थेट आईच्या गुडघ्यांवरच. म्हणजे गुडघ्यांचा विषय निघाला. त्यांचे पण गेलेले होते."

भाची बाल्कनीत गेली. दलाल मागोमाग. नवरा बेडरूममध्ये गेला, तर दलाल मधल्या दारात उभा राहून दोघांना पुरेल असा आवाज चढवून बोलू लागला. नवऱ्यानं घड्याळ पाहिलं. जरा वेळानं दलालाच्या डोळ्यांसमोर मनगट धरून पुन्हा पाहिलं.

"छान आहे घड्याळ," दलाल म्हणाला.

"आम्हाला निघायला हवं," भाची म्हणाली. "मुलीला पाळणाघरातून आणायचंय."

"पाळणाघर! कुठलं?" आणि दलालाला तीन पाळणाघरं ठाऊक होती. नवराबायकोनं चपला घातल्या. लिफ्ट आली. दलालानं लिफ्टच्या दारात पाय घातला, त्यामुळे लिफ्ट तिथंच उभी राहिली आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायला लागलं. दलालानं त्यालाही वर तोंड करून उत्तर दिलं.

शेवटी लिफ्ट गेली. दलाल घाम पुसत वाचाबाईंकडे वळला. त्याचा चेहरा उजळला होता.

"सौदा झाला!"

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"जाताना काय म्हणाले ऐकलं ना? 'फारच माहिती मिळाली.'"

बाईंनी खोकल्याची नवी गोळी तोंडात टाकली.

चार-पाच दिवसांनी दलाल आणि त्याची बायको पुन्हा दातांच्या डॉक्टरच्या वर जाऊन बसले. बाईंनी आधी फ्लॅटचं रेकॉर्डिंग लावलं. दलाल पहिल्यांदा खूश होऊन ऐकत होता, आवाज खणखणीत आला होता. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मधली त्यांची वाक्यं काढून टाकलीत का?"

"एकही काढलेलं नाही."

"गिऱ्हाईक लाजाळू होतं," दलाल म्हणाला. "हल्लीची पिढी बोलतच नाही."

"माझी भाची?" बाई म्हणाल्या. "तिच्या बडबडीपायी तिला दोनदा वाचनालयातून बाहेर काढलंय."

दलालानं खुर्ची मागे सरकवली. हे सगळं त्याच्याविरुद्ध रचलेलं आहे, बाईंना फी हवी आहे, मेहुण्याला धंदा हवा आहे, आणि त्या भाचीला घर घ्यायचंच नव्हतं, असं त्यानं भरपूर बोलून दाखवलं. बाईंनी अडवलं नाही. तो दमल्यावर त्या म्हणाल्या, "आता घरचं ऐकू या. हे मी तुमच्या बायकोला विचारून लावतेय. चालेल ना?"

बायकोनं मान हलवली. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

टेबलावर कप ठेवल्याचा आवाज. मग दलाल: "पिस्ता रंग म्हटला की लोक हॉस्पिटल म्हणतात, पण पिस्त्यातही—"

"अहो, मला एक सांगायचं होतं," बायकोचा आवाज.

"—पिस्त्यातही तीन छटा येतात. एक ती बँकेत असते—"

"मी गेल्या महिन्यात—"

"—बँकेतली नको. बँकेत गेल्यासारखं वाटतं."

"ऐकताय का? महत्त्वाचं आहे."

"महत्त्वाचं म्हणजे प्रायमर. प्रायमरवर लोक पैसे वाचवतात आणि मग पापुद्रे निघतात."

उसासा. खुर्ची मागे सरकली. पावलं लांब गेली. स्वयंपाकघरातला नळ सुरू झाला, भांडी वाजायला लागली. दलालाचा आवाज चालूच होता. तो प्रायमरवरून सांध्यांवर गेला, सांध्यांवरून ओलीवर, "बरोबर ना?" म्हणून त्यानं विचारलं, उत्तराला जागाही ठेवली नाही आणि पुढे निघाला. मागे पाणी पडत राहिलं. एक वाटी घरंगळत गेली. "बरोबर ना?" त्यानं पुन्हा विचारलं.

दलाल खुर्चीत पुढे वाकला होता.

"हा नळ कधी सुरू झाला?" शेवटी त्यानं विचारलं.

मग तो बायकोकडे वळला.

"तू उठून गेलीस?"

"हो."

"मग मी कुणाशी बोलत होतो?"

"भांड्यांशी," बायको म्हणाली. "त्यांनी नीट ऐकून घेतलं."

दलाल उठून खिडकीशी गेला. "या खिडकीला ग्रिल नाही," तो म्हणाला. "धोकादायक आहे." पण आवाज चिरकला. पडल्यापासून त्याचे डोळे उगाचच भरून यायचे. जाहिरात बघूनसुद्धा यायचे. या वेळी ते उगाच आले नव्हते, आणि हे त्याला कळलंही. बाईंनी टेबलावरचा टिश्यूचा डबा पुढे ढकलला. त्यानं चार काढले.

मग तो वळला आणि बायकोला म्हणाला, "काय सांगायचं होतं?" आणि तोंडावर टिश्यू दाबून उभा राहिला. ते नाक पुसायला होतं की तोंड बंद ठेवायला, सांगता येणार नाही.

बायकोनं बाईंकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ती दोन घरं गेली ना मधे. ती मी दाखवली."

"तू?"

"धाकटा नुसता किल्ली घेऊन उभा असायचा. कुणीतरी दाखवायलाच हवी होती. मी दाखवली."

"तुला काय येतं?" टिश्यू खाली आला. "घर दाखवायचं म्हणजे बोलावं लागतं! तुझी दोन वाक्यं होत नाहीत!"

"दोनच लागली," बायको म्हणाली. "'या' आणि 'बघा'. बाकी ते आपापसात बोलतात, मी ऐकते. जिथं बायको थांबते तिथं मी थांबते. जिथं नवरा भिंतीवर थाप मारतो तिथं मी विचारते, काय लावायचंय इथं?"

वाचाबाईंनी हे शेवटचं वाक्य घाईघाईनं लिहून घेतलं. दलालाला ते दिसलं, आणि त्याला भयंकर राग आला.

रागाचा तो आठवडा घरात कठीण गेला. दलाल बायकोशी बोलायचा नाही, म्हणजे तिच्याबद्दल मेहुण्याशी बोलायचा, तिच्या देखत. बाईंचा अहवाल आला. त्यात त्यांनी लिहिलं होतं की शब्द शाबूत आहेत, वाक्यं शाबूत आहेत, संवाद जायबंदी आहे. आणि सध्या यांनी गिऱ्हाइकाला एकट्यानं भेटू नये. दलालानं तो मोठ्यानं वाचला, बाईंना शेलक्या विशेषणांनी सजवलं आणि पुढच्या मंगळवारी मुकाट्यानं शिकवणीला गेला. का गेला, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. तो नळाचा आवाज त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

शिकवणी म्हणजे नुसता छळ होता. एक वाक्य बोलायचं, एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. मेहुणा गिऱ्हाईक व्हायचा आणि कधी नव्हे ते खाष्टपणा करून घ्यायचा. बोलणं लांबलं की बायकोनं खूण करायची असं ठरलं. पहिली खूण होती खोकण्याची. एका खऱ्या गिऱ्हाइकासमोर ती खोकली, तेव्हा दलालानं "थंडी बाधली का?" म्हणून सगळ्यांना कफावरचे उपाय सांगितले. मग खूण बदलली. आता ती त्याच्या कोपराला हात लावते. तो थांबतो. कधी कधी वाक्याच्या मधेच थांबतो, आणि 'खालच्या मजल्यावरचे लोक फार' एवढंच ऐकून गिऱ्हाईक घाबरतं. पण थांबतो.

वाचाबाईंनी एकदा स्पष्टच सांगितलं, "पूर्वीइतकं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही."

"पूर्वीइतकं नकोच," बायको पटकन म्हणाली, आणि खोलीत तिघंही हसली. दलाल जरा उशिरा हसला.

घर आता बायकोच दाखवते. तिनं नवीन कार्ड छापून घेतलं, ते करताना दलालाला विचारलं नाही. जुन्या मालकांकडून घरं मिळवायचं काम त्याच्याकडे आहे. एकटे राहणारे म्हातारे मालक त्याच्यावर बेहद्द खूश असतात, त्यांना तेवढंच बोलणारं माणूस हवं असतं.

परवा एका जोडप्याला ती चौथा मजला दाखवायला घेऊन गेली. दलाल खाली गेटपाशी थांबला. वॉचमनच्या खोपटाबाहेर दोन खुर्च्या होत्या, एकीवर वॉचमन होता. दलाल दुसरीवर बसला आणि त्यानं सुरुवात केली. गेटचा रंग, गेटचं कुलूप, कुलूप बनवणाऱ्या कंपन्या. चांगली रंगत आली होती. वॉचमन "हं" म्हणत होता. मग त्याचं "हं" लांबलं. मग तो रस्त्यावरच्या एका कुत्र्याकडे बघत राहिला. कुत्रं काही विशेष करत नव्हतं.

दलालाच्या तोंडात पुढची कंपनी तयार होती. ती तिथंच राहिली. याला कंटाळा आलाय, असं त्याच्या मनात आलं. इथं कोपराला हात लावणारं कुणी नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. वाचाबाई असत्या तर त्यांनी टाळी वाजवली असती. पण त्याला आठवली ती लिफ्टमधली भाची, गाडीच्या काचेमागचं ते गिऱ्हाईक, फोन आपटणारा दुकानदार. एकेकाचा चेहरा आता, इतक्या महिन्यांनी, उशिरानं का होईना, त्याला वाचता येत होता. वाचण्यासारखं त्यात काही चांगलं नव्हतं.

त्यानं घसा साफ केला. "तुमचं काय चाललंय?" त्यानं विचारलं, आणि दात आवळून गप्प बसला.

वॉचमननं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. कुत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पंप जळालाय."

दलालाला पंपांबद्दल बरंच माहीत होतं. त्यानं खुर्चीची कड हातानं धरली.

"मग?" तो म्हणाला.

आणि वॉचमन सांगायला लागला. पंप कसा जळाला, कमिटीतल्या कुणी कुणावर ढकललं, मेकॅनिक दोनदा येऊन काय म्हणाला, दुसऱ्यांदा म्हणाला ते पहिल्यापेक्षा कसं वेगळं होतं. फार कंटाळवाणं होतं. वर चौथ्या मजल्यावर बायकोनं बाल्कनीचं दार उघडलं आणि जोडप्याला बाहेर येऊ दिलं. दलालानं एकदाच वर पाहिलं आणि पुन्हा वॉचमनकडे तोंड केलं. पंपाची गोष्ट अजून अर्ध्यावरही आली नव्हती.